इटालियनचा खण

घरात रबरबँड साठतात तसे किस्से साठतात. कुणी विकत आणलेले नसतात, पण एखाद्या दिवशी खण उघडावा तर सगळा गुंता एकदम हातात येतो. आमच्या वाचनालयातला असाच एक गुंता आज सोडवायला घेतोय. सांगताना मी कुठे चुकलो तर गुंजाळ आहेतच. आयुष्यभर त्यांनी राहात्याकडच्या एका साखर कारखान्याच्या लॅबमध्ये उसाच्या रसाचे नमुने तपासले. आता मला तपासतात.

पण आधी माझी तक्रार ऐकून घ्या.

आम्ही नगरमध्ये राहतो. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जीभ अजून वळत नाही. रोज सकाळी दहाला वाचनालयात जमतो आणि इंग्रजी पेपरातलं शब्दकोडं सोडवतो. इंग्रजी कोडं, इंग्रजी शब्द, इथपर्यंत मान्य. पण त्यात रोज दोन-तीन शब्द इटालियन का? 'इटलीतली नदी, दोन अक्षरं.' 'इटालियन गायक हळू गातो तेव्हा, पाच अक्षरं.' 'रोममध्ये तीन.' अहो, रोममध्ये तीनला काय म्हणतात ते रोमवाले बघतील. मी माळीवाड्यात भाजी घेतो, मला काय करायचंय? आमच्या गावातून सीना नदी वाहते. बरोबर चार इंग्रजी अक्षरं. दोन स्वर, दोन व्यंजनं, कोड्यात बसवायला इतकी सोयीची नदी दुसरी नसेल. गेल्या सहा वर्षांत ती एकदाही आलेली नाही. इटलीची 'पो' मात्र महिन्यातून दोनदा येते.

* * *

मी पदार्थविज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक. डॉक्टरेट आहे. हे बढाई म्हणून सांगत नाही, पुढची लाज नीट कळावी म्हणून सांगतो.

नोकरीत असताना एकदा तीन आठवड्यांच्या कार्यशाळेसाठी मी इटलीला गेलो होतो. तिथे सगळी व्याख्यानं इंग्रजीत. राहायला होस्टेल, खोलीत सोबती ढाक्याचा, शेजारी एक नायजेरियन. तीन आठवड्यांत माझा इटलीशी जो काही थेट संबंध आला तो कॉफीच्या मशीनशी, आणि तिथेही मी बोट दाखवून काम भागवलं.

वाचनालयातल्या पहिल्याच आठवड्यात बोलता बोलता मी म्हणून गेलो, "इटलीला होतो तेव्हा..." पुढचं वाक्य हवेबद्दल होतं. ते कुणी ऐकलंच नाही. गुंजाळांनी पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाले, "म्हंजे इटालियनचा प्रश्न मिटला. सर, हे खातं तुमचं."

त्याच क्षणी 'नाही हो, मला एक शब्द येत नाही' असं म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "बघू."

त्या 'बघू'ची शिक्षा मी सहा वर्षं भोगली.

* * *

आमची पद्धत सांगायला हवी. वाचनालयाच्या पेपरवर लिहायला बंदी आहे. पूर्वी कुणीतरी अर्धा अग्रलेख निळ्या शाईने रंगवला होता, तेव्हापासून ग्रंथपाल सुनंदाबाई कुणाच्या हातात पेन दिसलं तरी खुर्चीवरून उठतात. म्हणून मी घरून जुन्या उत्तरपत्रिकांचे पाठकोरे कागद आणतो आणि पट्टीने कोड्याचे चौकोन आखतो. पुढच्या बाजूला कुण्या विद्यार्थ्याचा ओहमचा नियम, मागे आमचं कोडं.

एकदा 'इटालियन संगीतात अगदी संथ' असा शब्द होता. 'लार्गो', पाच अक्षरं. हा शब्द मला कोड्यांमधूनच पाठ झाला होता, त्यामुळे मी खुशीत होतो. पण चौकोन सहा.

तुम्ही असता तर काय केलं असतं? चौकोन पुन्हा मोजले असते. मी मोजले नाहीत. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "जुन्या इटालियनमध्ये याला शेवटी एक अक्षर जास्त लावत असावेत."

कुणी शंका घेतली नाही. एक जास्तीचं अक्षर लावून शब्द लिहिला, आणि मग उभे शब्द एकामागून एक मोडायला लागले. मी तासभर कोडं रचणाऱ्यावर आग पाखडली. यांना कुणी तपासतं की नाही, वाचकाला गृहीत धरतात, वगैरे. सुनंदाबाईंनी दोनदा चष्म्यावरून पाहिलं.

शेवटी गुंजाळांनी खिशातून सहा इंची पट्टी काढली, मूळ पेपरवर ठेवली, मग माझ्या कागदावर ठेवली. मी एक काळा चौकोन भरायचा विसरलो होतो.

"सर," ते म्हणाले, "जुन्या इटालियनचं मला म्हाईत न्हाई. पण हे एक घर तुमी इटलीला जास्तीचं दिलं."

* * *

तिसरे शेख हवालदार. ते खरं तर कोड्यासाठी येत नसत. पंख्याखालची खुर्ची आणि मराठी पेपर, एवढंच त्यांचं मागणं. फौजेच्या बँडमध्ये त्यांनी बावीस वर्षं क्लॅरिनेट वाजवलं. डाव्या बाजूला सतत मोठा ढोल, त्यामुळे डावा कान गेलेला. त्यांच्याशी बोलायचं तर उजवीकडे जाऊन बसायचं, हे आम्हाला हळूहळू कळलं.

एक दिवस 'इटालियन वाद्यवृंदात जोरात' असा शब्द अडला. मी कपाळ चोळत होतो. विचार करतोय असं दाखवायला मला कपाळ चोळण्याची सवय लागली होती. पेपरामागून आवाज आला, "फोर्टे."

बसला. अक्षर न अक्षर बसला.

"हवालदार, तुम्हाला इटालियन येतं?" मी विचारलं.

"इटालियन कुठलं, सर. हे तर आमच्या फौजेचं हाय. बँडमास्तर साहेब वरडायचे. फोर्टे म्हनले की जोरात, पियानो म्हनले की हळू."

मी त्यांना समजावलं की संगीताचे हे शब्द मुळात इटालियनच आहेत. त्यांना पटलं नाही. "इटलीवाल्यांनी फौजेतून घेतले असतील," ते म्हणाले आणि पुन्हा पेपरात शिरले. पण त्या दिवसापासून त्यांची खुर्ची आमच्या टेबलाकडे दीड फूट सरकली.

* * *

मग खण आला. वाचनालयाचे सगळे कॅटलॉग कॉम्प्युटरवर गेल्यावर सूचीपत्रांचं जुनं लाकडी कपाट रिकामं पडलं होतं. तेच ते शब्द पुन्हा पुन्हा येतात म्हणून गुंजाळांनी कल्पना काढली: प्रत्येक इटालियन शब्दाचं एक कार्ड करायचं, आणि खाली खात्री म्हणून माझी सही.

"माझीच का?" मी म्हणालो.

"लॅबमधी असंच असतं. नमुना कुनी का आनंना, रिपोर्टवर सही जानकाराची."

सुनंदाबाईंनी एक खण दिला, त्यावर सुंदर अक्षरात 'इटालियन' लिहून चिकटवलं. नद्या, ज्वालामुखी, एक ते दहा आकडे, हळू, फार हळू, फारच हळू, जोरात, फार जोरात. दोन वर्षांत एकशेचाळीस कार्डं झाली. प्रत्येकावर माझी सही. मी प्रबंधावरसुद्धा इतक्या सह्या केल्या नव्हत्या.

बायकोला बाजारात सुनंदाबाई भेटल्या. ती घरी येऊन पिशवी खाली ठेवत म्हणाली, "अहो, तुमच्या इटालियनचं फार कौतुक चाललंय गावात. मी काही बोलले नाही. पण उद्या कुणी खरा इटालियन दारात आणून उभा केला, तर मी चहा करीन. बोलायचं तुमचं तुम्ही बघा."

* * *

तिच्या तोंडाला काय म्हणावं. पंधरा दिवसांत गुंजाळ बातमी घेऊन आले. त्यांचा भाचा सुप्याला एमआयडीसीत कामाला आहे. तिथे इटलीहून मोठं मशीन आलंय, बसवायला माणूस येतोय, भाच्याशी बोलणं झालंय, रविवारी त्याला वाचनालयात आणायचं आणि सरांशी गाठ घालून द्यायची.

"बिचाऱ्याला आपल्या भाषेत बोलायला कुनीतरी भेटंल," गुंजाळ म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत इतका आनंद होता की मला नाही म्हणवेना.

शनिवारी मला ताप आला. खरं सांगायचं तर थर्मामीटरला आला नाही, मला आला. मी चार दिवस पांघरूण घेऊन पडलो. बायकोने एक प्रश्न विचारला नाही. दिवसातून तीन वेळा गवती चहा, सुंठ आणि गुळवेलीचा काढा आणून शेजारी उभी राहायची आणि पेला रिकामा झाल्याशिवाय हलायची नाही.

पाचव्या दिवशी गुंजाळ समाचाराला आले. "सर, तुमी उगीच हळहळू नका. तो आला न्हाई. मशीन इटलीचं, पन बसवायला आलेला मानूस कोईमतूरचा निघाला."

मला संताप आला. माणूस कोईमतूरचाच पाठवायचा होता तर आधी कळवायला काय झालं होतं? चार दिवस काढा मी प्यायलोय.

* * *

एवढा मनस्ताप झाल्यावर मी त्या इंग्रजी पेपरच्या संपादकांना पत्र लिहायचं ठरवलं. मागणी साधी: प्रत्येक इटालियन नदीमागे एक भारतीय नदी. सुरुवात सीनेपासून करावी, ही सूचना. अकरा मसुदे केले. प्रत्येक मसुद्यात वाटायचं, आपण जास्त बोलतोय. मग कमी केलं की वाटायचं, मुद्दाच गेला. अकरावा मसुदा खिशात महिनाभर राहिला. शेवटी गुंजाळांनी तो माझ्या खिशातून काढून पेटीत टाकला.

उत्तर आलं नाही. पत्र छापून आलं नाही. पुढच्या सोमवारच्या कोड्यात मात्र इटालियन शब्द चार होते.

मी दोन दिवस जेवलो नाही धड. गुंजाळ म्हणाले, "सर, त्यांनी कोडी सहा महिने आधी करून ठेवली असतील. तुमच्यावर राग धरायला त्यांना तुमचं नाव तरी ठाऊक पाहिजे." हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. जास्तच वाईट वाटलं.

* * *

आता जे सांगतो ते माझ्या विरुद्ध आहे.

एकदा कोड्यात आलं: 'इटालियन बँडमास्तरचा हुकूम, पुन्हा पहिल्यापासून'. दोन शब्द, दोन आणि चार अक्षरं.

शेख हवालदार पेपर खाली न ठेवता म्हणाले, "द कापो."

"काय?"

"द कापो. एक जन चुकला की साहेब काठी आपटून म्हनायचे, द कापो. की सगळा बँड पैल्यापासून. एकदा मे महिन्यात भर उन्हात सतरा वेळा द कापो केलं. चुकनारा एक, भोगनारे बत्तीस."

मला तो शब्द माहीत नव्हता. आणि मला जे माहीत नाही ते हवालदारांना माहीत असेल, हे त्या दिवशी मला सहन झालं नाही. सकाळपासून दोन शब्द त्यांनीच सांगितले होते. सुनंदाबाई ऐकत होत्या.

मी हसलो. ते हसणं मला आजही आठवतं. म्हणालो, "हवालदार, हे तुमचं फौजेतलं काहीतरी असेल. इटालियनमध्ये असं नसतं."

हवालदार म्हणाले, "असंल, सर," आणि पान उलटलं. आम्ही ती सहा घरं रिकामी ठेवली.

दुसऱ्या दिवशी उत्तर छापून आलं. द कापो. मी काहीही न बोलता कार्ड लिहिलं, खाली सही केली आणि खणात टाकलं. हवालदार समोरच बसले होते, सगळं बघत होते. म्हणाले, "चला, झालं एक कार्ड."

त्यांना रागावता आलं असतं. त्यांनी रागवायला हवं होतं. मला आता त्या गोष्टीचाही राग येतो.

* * *

यंदा ऑगस्टच्या शेवटी मी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी तीन आठवडे घरी होतो. परत आलो तर सुनंदाबाई हसतमुख. "सर, तुमच्या खणाचं सोनं झालं. गुंजाळांची ऋतुजा येऊन सगळ्या कार्डांचे फोटो काढून घेऊन गेली."

ऋतुजा म्हणजे गुंजाळांची नात. अन्नप्रक्रियेचा अभ्यासक्रम करायला दोन वर्षांसाठी कुठे निघाली होती? इटलीला.

ती पोर त्या एकशेचाळीस कार्डांच्या भरवशावर विमानात बसणार. त्या खणात पाव नव्हता, पाणी नव्हतं, 'दवाखाना कुठे आहे' नव्हतं. पाच नद्या होत्या, एक ज्वालामुखी होता, आणि हळू गाण्याचे चार प्रकार होते. आणि प्रत्येकाखाली एका डॉक्टरेट मिळवलेल्या माणसाची सही होती.

त्याच संध्याकाळी गुंजाळांच्या घरी गेलो. निरोपाची गर्दी होती. चिवड्याच्या पिशव्या भरल्या जात होत्या. मला पाटावर बसवायचंच बाकी ठेवलं होतं, इतका मान. मी उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "मला इटालियन येत नाही."

मग गुंजाळांनी पाहुण्यांकडे बघून अभिमानाने मान हलवली. "बघा. याला म्हंत्यात विद्वान. आपल्याकडं दोन शब्द आले तरी लोक क्लास काढत्यात."

"गुंजाळ, मी खरंच सांगतोय. ते सगळं कोड्यातलं आहे. मी तिथे फक्त तीन आठवडे होतो, कॉफीच्या मशीनशी..."

"आजोबा, सरांना बसू द्या ना," ऋतुजा म्हणाली आणि माझ्या पाया पडली.

मी तिला एवढंच सांगितलं की मोबाईलमध्ये भाषांतराचं काहीतरी असतं, ते टाकून घे. ती म्हणाली, "हो सर, ते आहेच. पण तुमचं असलेलं बरं."

सांगा, मी आणखी काय करायला हवं होतं? आयुष्यात पहिल्यांदा धीर करून खरं बोललो, तर त्याची नम्रता झाली.

* * *

ऋतुजा गेल्यावर महिनाभर मी गुंजाळांच्या चेहऱ्याकडे बघत दिवस मोजले. रोज वाटायचं, आज हे येतील आणि म्हणतील, सर, पोरगी तिकडं फसली. त्यांचा फोन वाजला की मी कपाळ चोळायला लागायचो.

परवा सकाळी अकराला फोन वाजला. ऋतुजाचा व्हिडिओ कॉल. तिथे साडेसात वाजले होते, अंगात जाडजूड स्वेटर. वाचनालयात बोलायला बंदी आहे, पण सुनंदाबाई स्वतःच येऊन आमच्या मागे उभ्या राहिल्या. शेख हवालदार पेपर वाचत होते, डावा कान आमच्याकडे.

"आजोबा, सर आहेत का? सरांना द्या," ती म्हणाली.

गुंजाळांनी फोन माझ्या हातात दिला.

"सर, काल राहण्याच्या परवान्याच्या ऑफिसात गेले होते. मोबाईलची बॅटरी संपलेली. खिडकीत एक बाई. इतकं भरभर बोलत होत्या, मला एक शब्द कळेना. तीनदा त्यांनी तेच सांगितलं, तेवढ्याच वेगानं. मागं लोक कुरकुर करायला लागले. त्या माझी फाईल परत द्यायला लागल्या. परत दिली असती तर पुढची तारीख दोन महिन्यांनी, आणि तोवर कॉलेजचं सगळंच अडलं असतं. मला रडू यायला लागलं. आणि सर, एकदम तुमची कार्डं आठवली. मी म्हटलं, 'द कापो.'"

मी हवालदारांकडे पाहिलं.

"त्या थांबल्या. माझ्याकडं बघतच राहिल्या. मग मी दुसरं कार्ड म्हटलं, 'अदाजो.' सावकाश. तर त्यांनी चष्मा काढला, खुर्ची पुढं ओढली आणि खरंच, सर, पहिल्यापासून, एक एक शब्द सुटा करून सगळं सांगितलं. कुठं सही, कुठं फोटो, सगळं बोट ठेवून. मागचा एक म्हातारा तर हसायलाच लागला. काम झालं. शेवटी खाणाखुणा करून त्यांनी विचारलं, तू गातेस का? तुला हे कुणी शिकवलं? मी तुमचं नाव सांगितलं."

सुनंदाबाईंनी पदराने डोळे पुसले. गुंजाळ माझ्या पाठीवर हात ठेवून उभे होते.

"चूक सांगितलंस," मी म्हणालो.

"काय सर?"

"ते कार्ड माझं नाही. शेख हवालदारांचं आहे. त्यांनी सांगितलं तेव्हा मी असला शब्द नसतो म्हणालो होतो. सही मी दुसऱ्या दिवशी केली, उत्तर छापून आल्यावर."

गुंजाळांचा हात पाठीवरच होता, पण त्याचं वजन बदललं. "सर, आता ही पन नम्रताच का?"

"नाही."

नाव ऐकू गेलं नसावं, पण सगळे आपल्याकडे बघतायत हे हवालदारांना कळलं. त्यांनी पेपर खाली केला. "काय झालं? पोरगी बरी हाय ना? काय म्हनती?"

मी उठलो, टेबलाला वळसा घालून त्यांच्या उजव्या बाजूला गेलो आणि फोन त्यांच्या चांगल्या कानाशी धरला.

"ऋतुजा," मी म्हणालो, "द कापो. अदाजो."